अमेरिकेत अस्सल रामेन खायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते आणि रामेन मनापासून आवडीने खाते. हे कळल्यापासून मंडळातली माणसं, भारतातून मुलांकडे आलेले आईबाबा, नव्याने आलेले विद्यार्थी मला तेच ते प्रश्न पाठवत असतात. दर वेळी फोनवर तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे. उदाहरणं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीची आहेत, पण बहुतेक गोष्टी लंडनला किंवा सिंगापूरलाही लागू पडतील. शाकाहारी असाल तर आधी प्रश्न १० वाचा, मग बाकीचं.

१. रामेन म्हणजे आपली मॅगीच ना? त्यासाठी रांगेत कशाला उभं राहायचं?

नातं आहे, पण बरंच लांबचं. गव्हाच्या नूडल्स आणि गरम सूप हा पदार्थ चिनी लोकांबरोबर जपानच्या बंदरांत आला. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली 'राईराईकेन' नावाचं हॉटेल निघालं. तिथे चिनी आचारी होते आणि गिऱ्हाईक जपानी. जपानी रामेनची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच हॉटेलचं नाव घेतात. झटपट नूडल्स खूप नंतरच्या. मोमोफुकु आंदो यांनी तळून वाळवलेल्या नूडल्सचं पाकीट १९५८ साली बाजारात आणलं आणि १९७१ साली कपातल्या नूडल्स आणल्या. आपण लहानपणी खाल्लं ते या पाकिटाच्या वंशातलं. हॉटेलातल्या वाडग्यातलं सूप मात्र कित्येक तास चुलीवर असतं आणि नूडल्स तुम्ही ऑर्डर दिल्यावर पाण्यात पडतात.

२. वाडग्यात नेमकं काय काय असतं?

पाच गोष्टी: सूप, 'तारे', सुगंधी तेल, नूडल्स आणि वरचा साज. एवढं समजलं की कुठलाही मेनू वाचता येतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

कोल्हापूरला मटण शिजवलेलं अळणी पाणी असतं, ते आठवा. पाणी एकच. त्यात लाल मसाला पडला की तांबडा रस्सा, नारळाचं दूध पडलं की पांढरा. रामेनचं सूप म्हणजे ते अळणी पाणी. हाडं, कोंबडी, सुके मासे, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ यांचा काढलेला अर्क, आणि त्यात मीठ जवळजवळ नसतंच. खारटपणा आणि चव येते ती 'तारे'मधून. हा दाट, खारट अर्क रिकाम्या वाडग्याच्या तळाशी आधी ओततात आणि त्यावर उकळतं सूप घालतात. वर तरंगतं ते सुगंधी तेल. मिसळीवरच्या तर्रीसारखंच. नाकाला पहिला वास त्याचा येतो आणि त्याच्या थरामुळे सूप लवकर निवत नाही.

नूडल्स गव्हाच्या, पण पीठ 'कान्सुई' नावाच्या क्षारयुक्त पाण्यात मळतात. उडदाच्या पापडाला आपण पापडखार घालतो, त्याच जातीचे हे क्षार. नूडल्सचा पिवळसर रंग, दाताखाली जाणवणारा ताण आणि गरम सूपमध्ये थोडा वेळ टिकण्याची ताकद यातूनच येते. पिवळा रंग अंड्याचा असतो असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याचदा तो या क्षारांचा असतो.

वरच्या साजात डुकराच्या मांसाच्या मऊ चकत्या म्हणजे 'चाशु', आंबवलेले बांबूचे कोंब म्हणजे 'मेनमा', पातीचा कांदा, नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा) कागदासारखा तुकडा, आणि सोया सॉसमध्ये मुरवलेलं 'आजितामा' अंडं. अंड्याचा बलक मुद्दाम अर्धवट, मधासारखा ठेवलेला असतो. कोकणात पावसाळ्यात कोंबाची भाजी खाल्लेल्यांना मेनमा ओळखीचा वाटेल, फक्त हा जास्त आंबट-खारट.

३. शोयु, शिओ, मिसो, टोंकोत्सु यांत फरक काय? पहिल्यांदा काय मागवू?

पहिली तीन नावं 'तारे'ची: शोयु म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. टोंकोत्सु हे सूपचं नाव, 'तोन' म्हणजे डुक्कर आणि 'कोत्सु' म्हणजे हाडं. म्हणून एकाच वाडग्यावर 'टोंकोत्सु शोयु' अशी दोन्ही नावं दिसली तर ती चूक नाही. टोंकात्सु मात्र वेगळा पदार्थ, तळलेला कटलेट.

टोंकोत्सुचं सूप दुधासारखं पांढरं असतं, पण त्यात दूध नसतं. हाडं खळाखळा उकळत्या पाण्यात तासनतास ठेवली की त्यातलं जिलेटिन आणि चरबी पाण्यात एकजीव होतात. तेच मंद आचेवर, न ढवळता केलं तर सूप नितळ राहतं. पायासूप खाऊन ओठ चिकटल्याची आठवण असेल, तर टोंकोत्सु तुम्हाला लगेच आपलं वाटेल.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कोंबडीच्या नितळ सूपचं शोयु रामेन सुचवते. त्यात नूडल्सची चव झाकली जात नाही. थंडीचे दिवस असतील आणि सडकून भूक असेल तर मिसो. ही साप्पोरो शहराची देणगी, जपानच्या उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदो बेटावरची, म्हणून जड आणि ऊबदार. टोंकोत्सु दुसऱ्या फेरीला ठेवा.

४. हॉटेल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? मालक जपानी असायला हवा का?

नाही. आयव्हन ऑर्किन हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे. त्यांनी २००७ साली टोकियोत रामेनचं दुकान काढलं, स्वतः नूडल्स केल्या, जपानी गिऱ्हाइकांनी रांगा लावल्या, आणि मग २०१४ साली ते मॅनहॅटनच्या क्लिंटन स्ट्रीटवर आले. मुळात चीनहून आलेल्या पदार्थाचा अस्सलपणा पासपोर्टावर ठरवणं मला पटत नाही.

मी बघते ते मेनू किती लांब आहे. सुशी, थाई करी, टेरियाकी आणि खाली कोपऱ्यात रामेन, असं असेल तर सूप रोज काढलं जात असण्याची शक्यता कमी. चारपाच प्रकारचं रामेन, ग्योझा (सारण भरलेल्या, करंजीसारख्या छोट्या पुड्या) आणि दोन भाताच्या वाट्या एवढंच असेल तर बरं लक्षण. 'आजचं सूप संपलं' अशी पाटी दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. ते दुकान लक्षात ठेवा. वाडगा हाताला गरम लागला पाहिजे. आणि नूडल्स कुठून येतात ते बेलाशक विचारा. चांगल्या दुकानात हा प्रश्न कुणाला खटकत नाही. स्वतः करत नसले तरी हरकत नाही. होनोलुलूत १९८१ साली सुरू झालेल्या 'सन नूडल' कंपनीने २०१२ साली आपल्या न्यू जर्सीतल्या टेटरबरोला कारखाना काढला, आणि ती वेगवेगळ्या दुकानांना त्यांच्या त्यांच्या सूपप्रमाणे वेगळ्या जाडीच्या नूडल्स करून देते.

५. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत सुरुवात कुठून करू?

आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर एजवॉटरला, हडसनच्या काठावर, 'मित्सुवा' या जपानी बाजाराच्या फूड कोर्टात 'सांतोका' आहे. हे मूळचं होक्काइदोतल्या असाहिकावाचं, १९८८ सालचं. त्यांच्या शिओ रामेनवर मधोमध एक छोटं आंबट-खारट 'उमेबोशी', म्हणजे मिठात मुरवलेलं फळ, ठेवलेलं असतं. ते माझ्या आईने चिमटीत धरून चाखलं आणि म्हणाली, 'मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड आहे ही.' तिथे नोकर समोर उभा राहत नाही, घाई नाही, आणि ज्यांना रामेन नको त्यांना दुसरं काही घेऊन शेजारी बसता येतं.

हाकाता (फुकुओका शहराचा एक भाग) पद्धतीचं, बारीक नूडल्सचं टोंकोत्सु हवं असेल तर 'इप्पुदो'. फुकुओकातलं हे दुकान १९८५ सालचं, न्यूयॉर्कला २००८ साली आलं. 'इचिरान' २०१६ साली ब्रुकलिनच्या बुशविक भागात उघडलं. तिथे दोन खुर्च्यांच्या मध्ये लाकडी आडोसे असतात आणि समोरच्या पडद्याखालून वाडगा सरकवला जातो. सगळं लक्ष वाडग्यावर राहावं हा त्यामागचा हेतू. एकट्याने जायला उत्तम. गप्पा मारायच्या असतील तर तिकडे जाऊ नका. आयव्हन रामेनबद्दल प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

६. रांग किती असते? आधी टेबल राखून ठेवता येतं का?

शनिवारी संध्याकाळी तासभर धरून चाला. बऱ्याच ठिकाणी नाव लिहून घेतात आणि सगळी माणसं हजर असल्याशिवाय बसवत नाहीत. दोघांना लवकर जागा मिळते, सहा जणांना फार उशिरा. संध्याकाळी दुकान उघडतं त्याच्या दहा मिनिटं आधी पोचा.

७. सुर्र आवाज करत खाल्लं तर चालतं का?

चालतं. जपानमध्ये नूडल्स ओढून, आवाज करतच खातात. ओढताना हवा आत जाते, घास जरा निवतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. अमेरिकेत पुष्कळ जण लाजून गप्पपणे खातात, तेही चालतं.

चॉपस्टिक जमत नसतील तर काटा मागा. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. पहिली पद्धत मृताला ठेवलेल्या भाताची, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. अस्थी सावडायला गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

८. इतकं गरम असतं, जरा निवू दिलं तर? गप्पा मारत खाल्लं तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं, आणि माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हाच. वाडगा पुढे आला त्या क्षणी नूडल्स नेमक्या शिजलेल्या असतात आणि त्या सूपमध्ये शिजतच राहतात. पाचसात मिनिटांत त्या फुगतात, सूप पितात, आणि आचाऱ्याने दिवसभर राबून जे साधलं ते हातातून जातं. पुरणपोळी तव्यावरून ताटात पडल्यावर आपण फोनवर बोलत बसत नाही ना? तसंच. फोटो एक काढा. शेजाऱ्याचा वाडगा यायची वाट बघू नका, ज्याचा आला त्याने सुरुवात करायची. रामेनच्या दुकानात हे उद्धट मानत नाहीत.

मी आधी चमचाभर सूप घेते, काही न मिसळता. मग नूडल्स. टेबलावर ठेवलेली तिखट तेलं आणि लसूण अर्धा वाडगा झाल्यावर. गप्पांसाठी आधी ग्योझा मागवा किंवा नंतर बाहेर कॉफी घ्या.

९. सूप पूर्ण प्यायचं का? उरवलं तर अपमान होतो का?

अपमान होत नाही. वाडगा रिकामा केला तर आचारी खूश होतो एवढंच. रक्तदाब असेल तर सूप उरवाच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते आणि सगळं सूप प्यायलं तर एका वाडग्यातच तेवढं किंवा त्याहून जास्त मीठ पोटात जाऊ शकतं. जपानमध्येही डॉक्टर सूप ठेवून द्यायला सांगतात.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. मेनूवर 'व्हेजिटेबल रामेन' लिहिलंय, ते चालेल ना?

विचारल्याशिवाय नाही. 'व्हेजिटेबल' याचा अर्थ पुष्कळदा वर भाज्या आहेत एवढाच असतो. खालचं सूप हाडांचं असू शकतं.

हे मी अनुभवाने सांगते. सासूबाई माळकरी आहेत. त्या आल्या तेव्हा मी त्यांना एका दुकानात नेलं, व्हेज रामेन आहे का विचारलं, मुलगी हो म्हणाली. वाडगा आला, वर मका, पालक, मशरूम. सासूबाईंनी वाफेवर तोंड नेलं आणि चमचा तसाच खाली ठेवला. 'अगं, याला सुकटीचा वास येतोय.' लग्नाआधी त्या मालवणात वाढल्या, तो वास त्या विसरणार नव्हत्या. आत विचारल्यावर कळलं की सूप भाज्यांचंच होतं, पण 'तारे'मध्ये सुके मासे होते. त्यांनी एक शब्दही मला बोलून दाखवला नाही. चूक माझी होती, मी नेमका प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून मी पाचही घटकांबद्दल वेगवेगळं विचारते. सूप कशाचं? 'तारे'मध्ये दाशी (बहुधा सुक्या माशांचा पातळ अर्क), बोनितो (दाशीसाठी सुकवतात तो मासा) किंवा दुसरे सुके मासे आहेत का? वरचं तेल डुकराच्या किंवा कोंबडीच्या चरबीचं तर नाही? नूडल्समध्ये अंडं आहे का? आणि वर 'नारुतो' ठेवता का? गुलाबी भोवऱ्याची ती पांढरी सुंदर चकती माशाची असते. 'बोनितो' हा शब्द लक्षात ठेवा. 'फिश आहे का' विचारल्यावर नाही म्हणणारी माणसं 'बोनितो' म्हटल्यावर थांबून विचार करतात.

सगळ्यात सोपं म्हणजे 'व्हीगन' लिहिलेलं रामेन मागा. त्याचं सूप बहुधा कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमचं असतं, किंवा सोया दूध आणि तिळाचं, दाट. ते दुय्यम असतं असं समजू नका. कोंबूतल्या ग्लुटामेटमुळे ती चव येते हे किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली शोधलं आणि तिला 'उमामी' हे नाव दिलं. शिताकेत तिला साथ देणारं वेगळं द्रव्य असतं, आणि दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते. बौद्ध मठांतला स्वयंपाक शतकानुशतकं याच दोघांवर उभा आहे.

११. कांदा-लसूण न घालता मिळेल का?

फार अवघड. पातीचा कांदा काढून टाकता येतो, पण लसूण तेलात आणि 'तारे'त आधीच उतरलेला असतो. काही ठिकाणी वरून काळं तेल घालतात, ते तर जाळलेल्या लसणाचंच. जैन पद्धतीने खाणाऱ्यांनी किंवा चातुर्मास पाळणाऱ्यांनी या दुकानांत न जाणंच बरं.

१२. मांसाहार करतो, पण डुक्कर नको. गोमांसही नको. काय मागवू?

'तोरी पाइतान' शोधा. कोंबडीच्या हाडांचं दाट पांढरं सूप, टोंकोत्सुसारखंच ओठाला चिकटणारं. चाशु कोंबडीचा घालायला सांगा. तरी तेलाबद्दल विचाराच, कोंबडीच्या सूपवर डुकराची चरबी ओतण्याची रीत आहे. तान्तानमेन नावाच्या तिखट-तिळाच्या रामेनवर बहुधा डुकराचा खिमा असतो. गोमांस रामेनच्या सूपमध्ये क्वचित असतं, पण काही दुकानं खास बीफ रामेन करतात. ते मेनूवर स्पष्ट लिहिलेलं असतं. ग्योझामध्ये डुक्कर असतं असं धरूनच चाला.

१३. त्यात दारू असते का?

'तारे' आणि चाशुच्या रसात मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साके (तांदळाची दारू) घालतात. उकळताना अल्कोहोल बरंचसं उडून जातं, पूर्ण जातंच असं नाही. व्रत म्हणून वर्ज्य असेल तर विचारून घ्या.

१४. गव्हाची अ‍ॅलर्जी आहे.

मग नेहमीचं रामेन नको. नूडल्स गव्हाच्याच, आणि सोया सॉसमध्येही गहू असतो. काही ठिकाणी तांदळाच्या नूडल्स देतात, पण त्या शिजतात त्याच पाण्यात. अ‍ॅलर्जी गंभीर असेल तर धोका पत्करू नका.

१५. एका वाडग्यात दोघांनी खाल्लं तर?

मोठ्या माणसांनी प्रत्येकी एक मागवावा. वाडगा एकाच माणसासाठी मोजलेला असतो आणि वाटावाटीत वेळ जातो (प्रश्न ८ पाहा). लहान मुलांसाठी छोटी वाटी मागितली की आनंदाने देतात.

१६. नूडल्स संपल्या, सूप उरलंय. दुसरा वाडगा मागवू?

हाकाता पद्धतीच्या दुकानात 'काएदामा' मागा. फक्त नूडल्सचा नवा गोळा मिळतो, दोनचार डॉलरांत. शेवटचे दोनतीन घास उरले असतानाच सांगायचं, म्हणजे सूप निवत नाही. बारीक नूडल्स लवकर मऊ पडतात म्हणून एकदम जास्त देण्यापेक्षा नंतर ताज्या द्यायच्या, ही त्यामागची सोय. तिथेच नूडल्स किती कडक हव्यात तेही विचारतात; 'काता' म्हणजे कडक. जाड नूडल्सच्या मिसो रामेनला सहसा काएदामा नसतो.

१७. माझ्यासमोर गार नूडल्स आणि वेगळ्या वाटीत सूप आलं. चूक झाली का?

नाही, तुम्ही 'त्सुकेमेन' मागवलंत. काझुओ यामागिशी यांनी १९५५ साली टोकियोत हे मेनूवर आणलं. नूडल्स शिजवून गार पाण्यात धुतलेल्या असतात, त्यामुळे त्या फुगत नाहीत. घासभर उचलायच्या, दाट सूपमध्ये बुडवायच्या, खायच्या. सूप भयंकर खारट लागेल, ते तसंच पिऊ नका. शेवटी 'सूप वारी' मागा. गरम पातळ दाशी ओतून ते पिण्यासारखं करून देतात. ही दाशी बहुधा माशाची, शाकाहारी लोकांनी ध्यानात ठेवावं.

१८. टिप द्यायची का?

जपानमध्ये नाही, अमेरिकेत हो. टेबलावर आणून देत असतील तर नेहमीप्रमाणे १८ ते २० टक्के. आधी बिल वाचा, काही ठिकाणी सेवाशुल्क धरलेलं असतं.

१९. पार्सल आणलं तर तशीच चव लागेल?

नाही, पण बऱ्यापैकी लागेल. सूप आणि नूडल्स वेगळे दिलेत ना, एवढं दुकानातच बघा. एकत्र असतील तर घेऊ नका. घरी सूप पातेल्यात खळखळून उकळा, मायक्रोवेव्हमध्ये कोमट करू नका. नूडल्स चिकटल्या असतील तर उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून निथळा.

२०. घरी करता येईल का?

टोंकोत्सुच्या वाटेला घरी जाऊ नका. वास आठवडाभर जात नाही. कोंबडीचं नितळ सूप मात्र आपल्याकडच्या कुठल्याही घरात जमेल: कोंबडीची हाडं, जमले तर पाय, आलं, पातीचा कांदा, आणि चार तास मंद आच. मित्सुवात थंड कपाटात सन नूडलची पाकिटं मिळतात. अंडी साडेसहा मिनिटं उकळा, बर्फाच्या पाण्यात टाका, सोलून सोया सॉस, मिरिन आणि पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. वाडग्यात आधी उकळतं पाणी घालून तो तापवा, ओतून टाका, मग तळाशी 'तारे', वर सूप.

घरच्या सगळ्यांना आधी ताटावर बसवा, नूडल्स त्यानंतर पाण्यात सोडा.